‘सायबेरियातून आलेले पाहुणे’ : मराठी दैनिकांच्या संपादकांना आणि बातमीदारांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक, उपसंपादक आणि जिल्ह्या-तालुक्याचे बातमीदार यांस,

स. न. वि. वि.

मी उजनीच्या फुगवट्याकाठी राहणारा निवृत्त भूगोल शिक्षक आहे. एकतीस वर्षे पोरांना नकाशे भरायला लावले. आता सकाळी दुर्बीण घेऊन पाण्याकडे जातो आणि परत येऊन तुमचे पेपर वाचतो. पत्र लिहायचे कारण त्या वाचण्यातच आहे.

डिसेंबर उजाडला की तुमच्या पानांवर एक वाक्य हमखास उगवते. ‘सायबेरियातील कडाक्याच्या थंडीला कंटाळून हजारो किलोमीटरचा प्रवास करत परदेशी पाहुणे दाखल.’ पाणी उजनीचे असो, जायकवाडीचे असो की नांदूर मधमेश्वरचे, वाक्य तेच. मागच्या हिवाळ्यात तर त्याखाली चित्रबलाकाचा फोटो छापून आला. चित्रबलाक आमच्या इंदापुरात चिंचेच्या झाडांवर घरटी करतात, तिथेच पिल्ले वाढवतात. त्यांना सायबेरियाचे नागरिकत्व कोणी दिले, कळायला मार्ग नाही.

त्याच हिवाळ्यात एका बातमीदार मित्राने फोनही केला होता. मी वीस मिनिटे बोललो. कझाकस्तान हा शब्द निदान सहा वेळा उच्चारला. दुसऱ्या दिवशी छापून आले : ‘ज्येष्ठ पक्षीमित्रांच्या मते हे पक्षी सायबेरियातून येतात.’ राग आला नाही, हसू आले. पण विचार केल्यावर वाटले, चूक त्यांची एकट्याची नाही. त्या दुसऱ्या जागेचे वर्णन मराठीत कोणी कधी नीट केलेलेच नाही. ‘सायबेरिया’ म्हटले की डोळ्यांसमोर काहीतरी येते. कझाकस्तानातल्या ‘टेंगिझ’ सरोवराचे नाव काढले की काहीच येत नाही. म्हणून ती जागा आज तुमच्यासमोर मांडतो. तुमच्या पाहुण्यांपैकी पुष्कळजण ज्या प्रदेशातून येतात, त्यातले हे एक मोठे ठिकाण.

आधी नकाशाची वही काढा. कच्छच्या भुजवर बोट ठेवा आणि ते सरळ उत्तरेला सरकवत न्या. काबूल लागेल, मग ताश्कंद लागेल. शास्त्रीजींमुळे ते नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. तसेच पुढे गेलात की कझाकस्तानच्या मध्यावर एक निळा डाग येतो. तो टेंगिझ. भुज, काबूल, ताश्कंद आणि टेंगिझ ही चारही ठिकाणे ६९ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, जवळजवळ एका ओळीत आहेत. भुजपासून टेंगिझ सरळ रेषेत साधारण तीन हजार किलोमीटर. सायबेरिया त्याच्याही उत्तरेला, रशियात. आणि तोही एवढा अवाढव्य, की त्यात आपला देश जवळजवळ चार वेळा बसेल. कोल्हापूरचा माणूस कुठून आला असे विचारल्यावर ‘आशियातून’ म्हणावे, त्यातला हा प्रकार.

टेंगिझ म्हणजे तुर्की कुळातल्या भाषांत समुद्र. (आंतरजालावर शोधाल तर आधी कॅस्पियनकाठचे त्याच नावाचे तेलक्षेत्र समोर येईल. ते वेगळे.) गंमत पाहा, आपण मराठीत समुद्राला दर्या म्हणतो आणि तिकडे दर्या म्हणजे नदी : अमू दर्या, सीर दर्या. तिकडे ज्या शब्दाने नदी, त्याच शब्दाने आपल्याकडे समुद्र, आणि ज्याला ते समुद्र म्हणतात ते आहे सरोवर. पाणी पूर्ण भरलेले असते तेव्हा विस्तार सुमारे १,५९० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर होतात. म्हणजे अडीच मुंबया त्यात सहज मावतील. आणि सरासरी खोली? अडीच मीटर. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकलेले कोणतेही पोर तळाची माती मुठीत घेऊन वर येईल.

या उथळपणातच सगळे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

टेंगिझमधून बाहेर जाणारी नदी नाही. दक्षिणेकडून कुलानोत्पेस येते, पूर्वेकडून नुरा. आलेले पाणी जाते फक्त वाफ होऊन, आणि मीठ मागे राहते. आपल्या लोणारचे तसेच आहे, फक्त लोणार बशीएवढे आणि हे परातीएवढे. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम अडीचशे-तीनशे मिलीमीटर पडते. माण-खटावच्या माणसालाही कीव यावी असा आकडा. नुरेचे बहुतेक पाणी वसंतात, बर्फ वितळते त्या काही आठवड्यांतच येते. तो त्यांचा पावसाळा. त्या आठवड्यांत किती पाणी आले यावर वर्षभराचा किनारा ठरतो. जमीन इतकी सपाट आहे की पाणी वीतभर चढले-उतरले तरी काठ शेकडो मीटर पुढे-मागे सरकतो. उजनी ओसरताना उघडा पडणारा गाळपेराचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको.

उथळ पाणी उन्हाने लवकर तापते. सूर्य तळापर्यंत पोचतो. वारा लागला की तळाचा गाळ वर येतो, आणि तिथे वारा नसतो असा दिवस विरळाच. खाऱ्या पाण्यात मासे जवळपास नाहीत, त्यामुळे बारीक कोळंबीसारखे खारजीव बेसुमार वाढतात. त्यांना खायला दुसरे कोणी नाही. तिथे पोचतात रोहित, म्हणजे तुमच्या भाषेत फ्लेमिंगो. मोठ्या रोहितांच्या नैसर्गिक वसाहतींपैकी जगातली सर्वांत उत्तरेकडची वसाहत टेंगिझच्या बेटांवर आहे. पूर्व काठाला खूप फाटे, खाड्या आणि बेटे आहेत. त्यांवर चिखलाचे बुटके बुरूज उभारून रोहित एकेक अंडे घालतात.

आता हिशेब मांडा. अंडे उबवायला महिना. पिल्लू उडू लागायला आणखी सत्तर-ऐंशी दिवस. मे महिन्याआधी बेट राहण्याजोगे नसते आणि ऑक्टोबरात थंडीचे तडाखे सुरू होतात. पुढे सगळे सरोवर गोठते, पारा उणे चाळीसपर्यंतही उतरतो. म्हणजे हातात दिवस अगदी मोजके. सुरुवातीला महिना-दीड महिना फुकट गेला तर शेवटी पिल्ले न उडताच थंडीच्या तावडीत सापडणार. पाणी कमी झाले तरी पंचाईत, कारण मग बेटाचा काठाशी सांधा जुळतो आणि लांडगा-कोल्हा चालत वसाहतीत शिरतो. पाणी फार आले तर घरट्यांचे बुरूजच बुडतात. एवढ्या अडचणींतून हजारो जोड्या पिल्ले वाढवतात. मग बहुतेक कॅस्पियनच्या आणि इराणच्या पाण्यांकडे उतरतात.

इथे तुम्ही लगेच ‘उजनीचे फ्लेमिंगो कझाकस्तानचे’ असे छापाल म्हणून आधीच सांगून ठेवतो. उजनीवरचे रोहित मुख्यतः कच्छच्या रणातले मानले जातात. टेंगिझच्या बरोबर दक्षिणेला, त्याच रेखांशाच्या पट्ट्यात, तसल्याच खाऱ्या उथळ पाण्यात त्यांची दुसरी प्रचंड वसाहत असते. पण ती कच्छची गोष्ट. एका चुकीच्या गावाऐवजी दुसरे चुकीचे गाव मला नको आहे.

मग आपल्याकडे येते कोण? टेंगिझच्या पूर्वेला नुरा नदी मुखाकडे येता येता गोड्या-निमखाऱ्या तळ्यांच्या साखळीतून वाहते. येसेय, सुल्तानकेल्दी, कोकाय ही त्यांतली काही नावे. हा कोर्गालझिनचा पाणथळ भाग. इथे उंच नळाची, म्हणजे पाणगवताची, दाट बेटे आहेत. नळाच्या तरंगत्या गाद्यांवर कुरळ्या तुऱ्याचे डाल्मेशियन झोळीवाले (पेलिकन) घरटी करतात. निळ्या चोचीचे पांढऱ्या डोक्याचे बदक करते, हंस करतात. आणि आपल्या ओळखीची मंडळी : तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, लांब चोचीचा मालगुजा. भिगवणला दिसणारा थोराड, काळ्या डोक्याचा कुरव टेंगिझच्या बेटांवर घरटी करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे डोके काळे होऊ लागले की आम्ही समजतो, निघायची तयारी झाली. प्रत्येक पक्ष्याच्या पायात चिठ्ठी नसते, त्यामुळे ‘हे अमुक बदक तमुक तळ्यातले’ असे म्हणता येत नाही. पण काहींच्या पायांत खरोखरच चिठ्ठी बांधली गेली होती. १९६०च्या दशकात सलीम अलींच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांना वाळे घातले. वाळ्यावर कोरलेले असे, की सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवावे. त्यांतली काही बदकांची वाळी तेव्हाच्या सोव्हिएत संघातून परत कळली, आणि त्यांत कझाकस्तानही होता. मुंबईचा पत्ता पायात बांधून बदके स्टेपमध्ये हिंडत होती.

स्टेप म्हणजे काय, तर आपला माळ. फक्त तो संपत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी कझाकस्तानातल्या करागंडाला डॉक्टरकी शिकते आहे. आपली पुष्कळ मुले हल्ली तिकडे असतात, तुम्ही प्रवेशाच्या जाहिराती छापता त्यावरून तुम्हाला ठाऊक असेलच. मागच्या जूनमध्ये ती वर्गातल्या मैत्रिणींबरोबर कोर्गालझिनला जाऊन आली. राजधानी अस्तानापासून नैऋत्येला साधारण १३० किलोमीटर. रात्री फोनवर म्हणाली, “सर, नान्नजचा माळ आठवला. पण नान्नजला लांबवर एखादं लिंबाचं झाड तरी दिसतं. इथं नजर कशाला टेकवायची तेच कळेना.” रस्त्याच्या दोन्ही अंगांना रुपेरी पिसांसारखे गवत वाऱ्याने लोळत होते. आपल्या कुसळीचे रेशमी भावंड म्हणा. डास इतके, की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. रोहित दिसले का विचारले, तर म्हणाली, “लांबवर एक गुलाबी रेघ दिसली सर, ती हलत होती.” एवढ्यावर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

ती ज्या नुरेच्या खोऱ्यात शिकते, त्याच नदीच्या शेवटाला टेंगिझ. नुरा ९७८ किलोमीटर लांब, आमच्या भीमेपेक्षा थोडी जास्त. तिच्या वरच्या अंगाला तेमिरताऊ हे पोलादाचे शहर आहे. तिथल्या एका रासायनिक कारखान्यातून १९९७ पर्यंत, काही दशके, पारा नदीत जात राहिला. त्यातला बराचसा वरच्या पट्ट्यातल्या गाळात अडकला म्हणून खालची तळी वाचली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून तो विषारी गाळ उकरून पुरावा लागला. पुण्याचे सांडपाणी पोटात घेणारी उजनी रोज पाहणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. पण कडाक्याच्या थंडीला कंटाळलेल्या पाहुण्यांच्या बातमीत कारखान्याला जागाच नसते. ‘सायबेरिया’ या शब्दात बर्फ असते, कारखाना नसतो.

नांगरही नसतो. १९५४ साली सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात न नांगरलेली जमीन फोडायची मोहीम निघाली. काही वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर स्टेप नांगराखाली गेली. आपला अख्खा महाराष्ट्र तीन कोटी आठ लाख हेक्टरांचा आहे, त्यावरून अंदाज करा. मोहिमेचे केंद्र असलेल्या शहराला त्सेलिनोग्राद, म्हणजे न नांगरलेल्या जमिनीचे नगर, असे नाव दिले. आजची अस्ताना ती हीच. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन असे आपल्याकडे समजतात ना, तीच समजूत तिथे सरकारी मोहीम होऊन आली. टेंगिझच्या आसपासचा काही भाग वाचला. १९६८ मध्ये कोर्गालझिन राखीव क्षेत्र झाले, १९७६ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. तुलना करायची तर महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर, आणि ते जाहीर झाले २०२० मध्ये. पुढे २००८ मध्ये पश्चिमेकडच्या नाउरझुमसह कोर्गालझिनला ‘सार्यार्का’ या नावाने युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. सारी म्हणजे पिवळा, अर्का म्हणजे पाठ; पिवळी पाठ. दीड कोटीहून अधिक पक्ष्यांना ही तळी खाऊ घालतात असा युनेस्कोचा अंदाज आहे.

या पिवळ्या पाठीवरची दोन जनावरे तुमच्या रविवारच्या पुरवणीच्या लायकीची आहेत. एक सायगा. हरणासारखे अंग आणि त्यावर सोंडेला निघालेले नाक. २००३ च्या सुमारास कझाकस्तानात ती एकवीस हजारांवर आली होती. सावरत असताना मे २०१५ मध्ये मध्य कझाकस्तानात, माद्या पिल्ले घालायला जमल्या होत्या तेव्हा, काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेल्या. एरवी निरुपद्रवीपणे अंगात राहणारा एक जिवाणू उष्ण-दमट हवेत उलटला. ते फोटो बघवत नाहीत. आणि २०२३ मध्ये गणना झाली तेव्हा देशात एकोणीस लाखांहून अधिक सायगा भरल्या! असे उलटे वळण वन्यजीवांच्या बातमीत फार वेळा छापायला मिळत नाही, तेही तुम्ही सोडलेत.

दुसरी एक टिटवी, इंग्रजीत सोशिएबल लॅपविंग म्हणतात ती. आपल्याकडे टिटवी ओरडली की अपशकुन. या टिटवीवरच संक्रांत आली आहे. जगात अतिसंकटग्रस्त ठरलेला हा पक्षी कोर्गालझिनच्या गावांभोवती घरटी करतो, कारण त्याला आखूड, चरलेले गवत लागते. पूर्वी ते काम सायगांचे कळप करत, नंतर गुरांनी केले. सोव्हिएत संघ मोडल्यावर सामुदायिक शेतांवरची गुरे गेली आणि गवत वाढले. म्हणजे नांगराने माळ मारला आणि चराई थांबल्यानेही मारला. माळ राखायचा तर त्यावर कुंपण घालून भागत नाही, गुराख्यालाही धरून बसावे लागते. आमच्या धनगरांना हे कोणी विचारले असते तर त्यांनी फुकट सांगितले असते. या टिटव्यांची एक वाट तुर्कस्तान-सीरियाकडून सुदानला जाते. दुसरी उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानवरून पाकिस्तानात आणि गुजरात-राजस्थानात उतरते. महाराष्ट्रात ती फार क्वचित. दिसली तर कृपा करून ‘दुर्मीळ सायबेरियन टिटवी’ लिहू नका.

आता तुमच्या शेतकरी वाचकाच्या कामाचे एक. ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे ढग उतरतात आणि पोरे गोफणी घेऊन माचाणावर चढतात. या गुलाबी अंगाच्या मैनांनी किती कणसे खाल्ली याच्या बातम्या तुम्ही दरवर्षी देता. संध्याकाळी उजनीवर त्यांचे थवे वळसे घेतात त्याचे फोटोही देता. पण त्या उन्हाळ्यात काय करतात ते देत नाही. कझाकस्तानच्या स्टेपमध्ये, दगडांच्या खाचांत घरटी करून, त्या पिल्लांना टोळ भरवतात. तिथला शेतकरी त्यांची वाट पाहतो. तोच पक्षी इथे चोर आणि तिथे राखणदार. दोन्ही टोके जोडून एक बातमी लिहिलीत तर गोफण थांबणार नाही, थांबूही नये, ज्वारी त्याची आहे. पण चावडीवर बोलायला विषय मिळेल.

माळावरच्या भोवत्यांचेही तसेच. हिवाळ्यात आपल्या गवतावरून तरंगत नाकतोडे टिपणारे हे शिकारी पक्षी स्टेपमध्ये जमिनीवरच अंडी घालतात. कांड्या करकोचेही स्टेपचेच. पट्टकादंब मात्र मंगोलिया आणि तिबेटचे, हिमालय ओलांडून येतात. आणि नोव्हेंबरात लोणावळ्यावरून आफ्रिकेकडे जाणारा अमूर ससाणा खरोखरच पार पूर्वेच्या अमूर खोऱ्याकडचा. त्याच्याबाबतीत तुमचे नेहमीचे वाक्य थोडेफार खरे निघेल. इतकी वर्षे सगळ्यांवर तेच वाक्य मारल्यावर एखादा नेम लागायचाच.

मागणे फार नाही. पक्ष्याचे नाव ठाऊक असेल तर तो कुठे पिल्ले घालतो ते शोधून लिहा. नेमके ठाऊक नसेल तर ‘मध्य आशिया’ लिहा, तेही चालेल. ‘थंडीला कंटाळून’ काढून टाका. अडीच मीटर पाण्यावर बर्फाचे झाकण पडले की खाणे बंद होते, म्हणून ते निघतात. कंटाळा माणसाला येतो. ‘पाहुणे’ हा शब्दही जरा बेताने वापरा. तलवार बदक वर्षातले पाच-सहा महिने आपल्याकडे काढते. इतके दिवस राहणाऱ्याला आपल्या घरात पाहुणा म्हणत नाहीत. आणि चित्रबलाकाचा फोटो छापायच्या आधी इंदापुरात कोणालाही एक फोन करा.

यंदाही डिसेंबरात तुमच्यापैकी कोणीतरी मला फोन करीलच. तेव्हा वही-पेन घेऊन बसा. मी सावकाश सांगेन : कोर्-गाल-झिन. शेवटचा ‘झ’ झाडातला नाही, झेंड्यातला.

कळावे,
आपला,
उजनीकाठचा एक जुना वाचक